माहीमला जुनी प्यूजो रेसर सायकल मिळतेय, २२ हजार सांगतायत. घ्यावी का?

चाळकरी | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. सायकलवाल्यांनो, मदत हवी आहे.

मी गिरगावात राहतो, उंची पाच फूट सहा इंच. चार वर्षं हायब्रीड चालवतोय. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्ह ते वरळी, कधी हुक्की आली तर पुढे माहीम-बांद्रा. पण डोक्यातलं भूत लहानपणापासूनचं, खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची जुनी रेसर. आमच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर एकांकडे होती. घंटी वाजवायलासुद्धा परवानगी नव्हती, कारण घंटीच नव्हती.

परवा एक जाहिरात दिसली. 'व्हिंटेज फ्रेंच रेसिंग सायकल, फ्रान्सहून आणलेली, १९७० चं मॉडेल, ५३१ स्टील, ओरिजनल कंडिशन, १० गिअर.' किंमत २२,०००. काल संध्याकाळी माहीमला जाऊन पाहून आलो. जुनी तीन मजली इमारत, सायकल जिन्याखाली, वर गोणपाट. मालक एक आजोबा आहेत. सायकल त्यांच्या धाकट्या भावाची, भाऊ आता नाहीत. जाहिरात पुतण्याने टाकली आहे.

रंग निळा. पुढे प्यूजोचा सिंहाचा बिल्ला शाबूत. टायर हात लावला की पापडासारखे तुटतात. पॅडलच्या दांड्याला आडवी खुंटी ठोकलेली आहे, आपल्या दूधवाल्याच्या सायकलला असते तशी. गिअर काळ्या प्लास्टिकचा. क्रोम काही ठिकाणी चमकतं, काही ठिकाणी पुरळ आल्यासारखं. मी नुसता पाहत उभा राहिलो, काय तपासायचं तेच सुचेना. पाच फोटो जोडले आहेत. शनिवारी परत बोलावलंय.

२२ हजार जास्त आहेत का? ५३१ म्हणजे नक्की काय?


भंगारप्रेमी | सोमवार, रात्री ११:३२

वा! सिंह बघूनच जीव गेला. घेऊन टाका, विचार नंतर.

(मी चोर बाजारात असंच म्हणत आलोय, माझ्या घरी तीन सायकली आहेत, त्यांतली चालणारी एक. त्यामुळे माझं ऐकू नका.)


फिरकी | मंगळवार, सकाळी ७:०५

चाळकरी, दुसऱ्या फोटोतच अर्धं उत्तर आहे. ती आडवी खुंटी म्हणजे कॉटर, पॅडलचा दांडा (क्रँक) आसाला धरून ठेवणारी. कॉटरचा लोखंडी क्रँक असेल तर ही प्यूजोची वरच्या दर्जाची गाडी नाही, आणि ५३१ ची तर जवळजवळ नक्कीच नाही.

त्या काळात प्यूजोची शर्यतीची गाडी म्हणजे पीएक्स-१०. तिच्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ च्या, क्रँक स्ट्राँगलाइटचा, अॅल्युमिनियमचा, विनाकॉटर. रिमवर चिकटवायचे ट्युब्युलर टायर. तुमची दिसतेय ती यूओ-८, प्यूजोचीच साधी गाडी, किंवा तिची सख्खी बहीण. काळ्या प्लास्टिकच्या गिअरवरून काही ठरवू नका, सिम्प्लेक्सचे तसे गिअर प्यूजोच्या महागड्या गाड्यांवरही यायचे. फक्त नखाने चाचपून तडा नाही ना पाहा, डेलरिन हे प्लास्टिक वयानुसार ठिसूळ होतं.

५३१ बद्दल. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ साली काढलेलं मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद. त्याची गंमत फक्त धातूत नाही, नळीच्या जाडीत आहे. टोकाला, जिथे सांधा येतो तिथे नळी जाड, आणि मध्ये पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वजन तिथे वाचतं. स्टिकरसुद्धा नीट वाचायचं असतं. काहींवर तीन मुख्य नळ्याच ५३१ च्या आणि त्याही सरसकट एका जाडीच्या असं लिहिलेलं असतं, काहींवर नळ्या, पुढच्या चाकाचा चिमटा आणि मागचे दांडे सगळंच. दोन्हींवर आकडा मोठ्या अक्षरात ५३१, बाकीचं बारीक. विकणारा मोठं तेवढंच वाचतो.

आणि नुसतं स्टिकर हा पुरावा नाही. नवी स्टिकरं विकत मिळतात. सीटखालचा दांडा काढून मोजा. पातळ नळीच्या ५३१ ला बहुतेक वेळा २७.२ मिलिमीटरचा दांडा बसतो (फ्रेंच गाड्यांत २६.४ सुद्धा दिसतो). त्याहून बराच बारीक निघाला तर नळी जाड, म्हणजे साधं पोलाद. मागचं चाक जिथे अडकतं ती पट्टीही पाहा. घडीव, जाड आणि गिअर अडकवायचा कान तिच्यातूनच आलेला असेल तर बनवणाऱ्याने पैसे खर्च केलेत. पत्र्यासारखी कापलेली पट्टी आणि गिअर वेगळ्या क्लिपने कसलेला असेल तर काटकसर.


शनवारातला | मंगळवार, सकाळी ९:४८

मुंबईकरांनी जिन्याखालून काढलेली प्रत्येक वस्तू 'व्हिंटेज' असते हे आम्हा पुणेकरांना ठाऊक आहेच. आमच्याकडे तिला 'अडगळ' म्हणतात.

विनोद सोडा. साल ठरवायची एक युक्ती सांगतो, तुमच्या प्यूजोला नाही पण इतरांना उपयोगी पडेल. शिमानोच्या जुन्या भागांवर मागच्या अंगाला दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं साल, दुसरं महिना. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे. महिन्याचं ए जानेवारी, एल डिसेंबर. मला एकाने 'सत्तरच्या दशकाची, काका, अस्सल' म्हणून जपानी गाडी दाखवली. गिअर उलटा करून पाहिला तर एच आणि सी. मार्च १९८३. काका म्हणाले, गिअर बदललेला असेल. शक्य आहे. मग ब्रेक पाहिले, चाकाच्या मधला हब पाहिला, सगळे १९८३ च्या आसपासचे. एक भाग खोटं बोलू शकतो, पाच भाग संगनमत करत नाहीत.

कॅम्पाग्नोलोच्या नुओवो रेकॉर्डच्या मागच्या गिअरवर 'पेटंट' शब्दापुढे सालाचे दोन आकडे असतात.


वाचनमात्र | मंगळवार, सकाळी १०:१५

चहा घेऊन बसलोय. चालू द्या.


खारं_वारं | मंगळवार, दुपारी २:२०

फिरकींनी धातूचं सांगितलं, मी गंजाचं सांगते. मी वसईची, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एक जपानी रेसर घेतली. चेरी लाल, नवा कोरा पावडर कोट, आरशासारखी. विकणाऱ्याने 'पूर्ण रिस्टोर्ड' म्हटलं होतं आणि मी भाळले. घरी आणून सीट वर करायला गेले तर दांडा हलेना. अॅल्युमिनियमचा दांडा, लोखंडी नळी, मध्ये खारा दमट वारा. दोन्ही धातू एकमेकांना धरून बसले होते. आठवडाभर तेल सोडलं, उकळतं पाणी ओतलं, दीराने पान्याने पिळला, शेवटी वरचा भाग तुटून हातात आला. मग हॅकसॉचं नुसतं पातं कापडात गुंडाळून नळीच्या आतून उभी चीर पाडत बसलो, दोन संध्याकाळी. दांडा सुटला तेव्हा आत टॉर्च मारला. नळीचा खालचा भाग आतून पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा. पावडर कोटच्या आधी वाळूचा मारा करतात, त्यात बाहेरूनही नळी थोडी झिजलेली असणार. बीबीच्या (पॅडलचा आस फिरतो तो खालचा सांधा) वर अंगठा दाबला तर पत्रा चक्क दबला.

पाणी सीटच्या फटीतून आत जातं आणि खाली बीबीच्या कवचात साठतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने घाम. त्यामुळे मुंबईत मी नव्या रंगाच्या सायकलला हात लावत नाही. जुना, टवके उडालेला रंग मला चालतो, निदान तो लपवत तरी नाही.

चाळकरी, शनिवारी जाल तेव्हा किमतीचं बोलायच्या आधी दोन गोष्टी करा. सीटचा दांडा बाहेर निघतो का, आणि हँडलची मान वरचा बोल्ट सैल करून ठोकल्यावर फिरते का. यातलं एक जरी अडकलेलं असेल तरी पैसे कमी करा. दोन्ही अडकली असतील तर आजोबांकडे चहा पिऊन परत या.


फिरकी | मंगळवार, दुपारी ३:०२

खारं_वारं, अगदी बरोबर. आणि म्हणूनच एक उलटा मुद्दा मांडतो. ५३१ सारखी पातळ नळी मुंबईत चाळीस-पन्नास वर्षं जिन्याखाली राहिली तर गंजाला खायला अर्धा मिलिमीटरच असतो. साध्या पोलादाच्या जाड नळीत गंजाचं पोट भरूनही काही उरतं. संग्राहकाला पीएक्स-१० हवी, ठीक आहे. पण इथल्या हवेत रोज चालवायची तर कोरडी राहिलेली यूओ-८ मी आधी घेईन. हे माझं मत, शिव्या खायला तयार आहे.


भंगारप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:३०

शिवी नाही, पण निषेध. ५३१ वर बसून पाहिलेलं माणूस असं बोलत नाही.


फिरकी | मंगळवार, दुपारी ३:४१

माझ्याकडे एक आहे. भिंतीवर आहे.


मोजपट्टी | मंगळवार, रात्री ९:५५

कुणीच मापाचं बोललं नाही म्हणून मी बोलते. पाच फूट सहा इंच उंचीला ५७ सेंटीमीटरची फ्रेम मोठी पडेल, मग ती ५३१ ची असो की सोन्याची. बीबीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजा. ५३-५४ असेल तर बोला. टेप नसेल तर साध्या चपला घालून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. थोडी फट हवी. टाच उचलावी लागली तर सायकल दुसऱ्याची आहे.

आता सरळपणा. जुन्या रेसरचा अपघात रंगाखाली लपतो, भूमितीत लपत नाही.

पुढून धडक बसली की खालची तिरकी नळी आणि दांडी, हँडलखालच्या हेडच्या नळीला मिळतात त्याच्या जरा मागे चुरगळतात. डोळ्यांना दिसेलच असं नाही. तिथे खालच्या अंगाने नख फिरवा, बारीक लाट लागते. मग बाजूला उभं राहून चिमटा बघा. हेडच्या नळीची रेघ मनाने खाली ओढली तर चिमट्याचा वरचा सरळ भाग त्याच रेघेत यायला हवा. मागे गेलेला दिसला तर धडक नक्की.

मग दोरा. शिवणाचा दोरा घ्या, सुतळी जाड पडते. मागच्या एका पट्टीला बांधा, पुढे नेऊन हेडच्या नळीला वळसा घाला, परत दुसऱ्या पट्टीपर्यंत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच असेल तर फ्रेम वाकडी.


चाळकरी | मंगळवार, रात्री १०:३०

बाप रे. मी नुसतं 'घ्यावी का' विचारलं होतं. सगळं वहीत उतरवून घेतलंय. शनिवारी लोहचुंबक, टॉर्च, दोरा, टेप आणि पाने घेऊन जातो. आजोबांना वाटेल महापालिकेचा माणूस आला.


फिरकी | मंगळवार, रात्री १०:४४

लोहचुंबक छान. रिमला लावा. चिकटला तर रिम लोखंडी, क्रोम केलेलं. दिसायला झकास, पण पावसात ब्रेक दाबला तर आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. आणि रिमवरचं माप वाचून या. फोटोत मला २७ इंच वाटतंय.


चाळकरी | शनिवार, संध्याकाळी ७:१५

आलो जाऊन. दीड तास लागला. क्रमाने सांगतो, मोठं होईल.

आधी सीट. बोल्ट सैल केला, दांडा धरून डावी-उजवी पिळला, हलेना. पोटात गोळा आला, वसईचं सगळं आठवलं. आजोबांनी आतून खोबरेल तेलाची बाटली आणली. म्हटलं चालेल. थोडं सोडलं, दहा मिनिटं थांबलो, परत पिळला, आणि 'कर्र' करून सुटला. लोखंडीच होता, त्यामुळे वाचलो असावा. कॅलिपर मित्राचा नेला होता. दांडा २४ मिलिमीटर. म्हणजे ५३१ चा विषय तिथेच मिटला.

मग सायकल उलटी केली आणि सीटच्या नळीचं तोंड वर्तमानपत्रावर धरून बीबीवर तळहाताने थापट्या मारल्या. चहाच्या पत्तीसारखा तांबडा भुगा पडला, काडेपेटी अर्धी भरेल इतका. त्यामागोमाग एक वाळलेलं झुरळ. टॉर्चने आत पाहिलं तर नळी तपकिरी, पण पापुद्रे नाहीत. रुपयाच्या नाण्याने खालून वर ठोकत गेलो. सगळीकडे टण्ण आवाज, फक्त बीबीच्या लगेच वर जरा बसका. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात दाबलं, आत गेलं नाही.

हेडमागे नख फिरवलं, लाट नाही. चिमटा रेघेत. दोरा बांधायला आजोबांनीच मदत केली, त्यांना आता मजा वाटू लागली होती. डावीकडे २९ मिलिमीटर, उजवीकडे ३१. मान मोकळी फिरते. फ्रेम ५४.

चेन मोजली, बारा कड्या बारा इंचांत यायला हव्यात असं कुठेतरी वाचलं होतं, इथे बारा आणि वर एक अष्टमांश. पॅडल फिरवताना उजवं पाऊल खाली जाताना एक 'टक' लागतं. रिमला चुंबक टाळी वाजवल्यासारखा चिकटला. आणि रिमवर २७ गुणिले १ पूर्णांक १/४. प्लास्टिकच्या गिअरला तडा नाही.


फिरकी | शनिवार, संध्याकाळी ७:५०

शाब्बास. टक म्हणजे कॉटर ढिला. चेन तेवढी वाढली म्हणजे दातेही झिजले, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दात्यांचा संच) नवं घ्यावं लागणार.

२७ इंचावरून एक शंका आली. फ्रान्समध्ये विकलेल्या गाड्यांना बहुतेक ७०० सी मापाची चाकं असायची, २७ इंचीपेक्षा किंचित लहान. २७ इंची चाकं अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांना लावत. ही फ्रान्सहून आणली असं जाहिरातीत आहे ना? आजोबांना विचारा बरं, भावाने कुठे घेतली.


चाळकरी | शनिवार, रात्री ८:४०

फोन केला. काका, तुम्ही ज्योतिषी आहात का? भाऊ बोटीवर होते. १९७४ मध्ये बाल्टिमोरला घेतली आणि बोटीच्या केबिनमध्ये पलंगाखाली ठेवून मुंबईच्या गोदीत उतरवली. फ्रान्स हा पुतण्याचा शोध.

आजोबा म्हणाले, भाऊ एकदा मुंबई-पुणे शर्यत बघायला हिच्यावरून खोपोलीपर्यंत गेला होता आणि परत येताना ट्रकमध्ये टाकून आला.


शनवारातला | शनिवार, रात्री ९:०२

घाट चढायच्या आधीच परत. मुंबईकर.


मोजपट्टी | शनिवार, रात्री ९:१०

२९ आणि ३१, उत्तम. पन्नास वर्षांच्या सायकलला याहून सरळ कोण असतं.


फिरकी | शनिवार, रात्री १०:२५

आता पैशाचं. मी असा हिशेब करतो: सायकल चालती झाल्यावर मला तिचे किती पटतील ते आधी ठरवायचं, मग चालती करायचा खर्च त्यातून वजा करायचा, उरतं ते मालकाला सांगायचं. मालकाने सांगितलेल्या आकड्यातून खाली येत गेलात तर तुम्ही त्याच्या आकड्याशी भांडत राहता, सायकलच्या नाही.

नीट चालणारी, सरळ, सगळे मूळ भाग असलेली ही गाडी मला साडेसोळा-सतरा हजारांना पटेल. भंगारप्रेमींना वीसलाही पटेल, त्यांचं सोडा. खर्च, माझ्या ओळखीच्या दुकानांच्या दराने: अॅल्युमिनियमचे दोन रिम, स्पोक आणि बांधणावळ साडेचार हजार, टायर-ट्यूब अठराशे, चेन-फ्रीव्हील बाराशे, केबल आणि ब्रेकचे गुटके सातशे, ओव्हरऑइल (सगळं उघडून साफसफाई आणि ग्रीस) आठशे. नऊ हजार झाले. म्हणजे आजोबांना साडेसात ते आठ. २२ हजारांना घेतलीत तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल, फक्त इथे कोंबडीही बारा आण्यांचीच.

रिम २७ इंची शोधत बसू नका, त्याचे टायर मिळवताना दमाल. ७०० सी घाला. त्याचा व्यास ६२२ मिलिमीटर, २७ इंचीचा ६३०. फरक आठचा, म्हणजे ब्रेकचे गुटके चार मिलिमीटर खाली सरकवायचे. तुमच्या मॅफॅक ब्रेकना तेवढी जागा आहे. एका खर्चात टायरचा प्रश्न सुटतो आणि पावसातल्या ब्रेकचाही.

एक गोष्ट मात्र दुकानदाराला करू देऊ नका. जुन्या फ्रेंच हबवर नवं फ्रीव्हील. फ्रेंच आटे मेट्रिक असतात, ३४.७ मिलिमीटरचे, आणि आज बाजारात मिळणारं फ्रीव्हील इंग्लिश आट्यांचं. दोन फेरे बसतं, मग कुणीतरी जोर लावतो आणि हबचे आटे जातात. पॅडललाही तोच खेळ, १४ मिलिमीटरचे आटे. तुमच्या पॅडलच्या टोकावर आर-एल ऐवजी डी आणि जी दिसेल, फ्रेंचमधलं उजवं-डावं. ती पॅडल चांगली असतील तर जपा. मागे ३६ भोकांचा नवा हब घाला, पाच-सातशे जास्त गेले तरी चालतील. हब १२६ चा असेल आणि फ्रेममधली जागा १२० ची, तर पोलादी फ्रेम हाताने फाकते, सहाच मिलिमीटरचा प्रश्न आहे. मूळ हब फेकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवा.


खारं_वारं | शनिवार, रात्री १०:५०

आणि बीबी उघडाल तेव्हा नळ्यांत आतून तेल फिरवा. मी गाडीचं जुनं इंजिन ऑइल वापरते, दिरांच्या रिक्षातलं. बीबीच्या खाली पाणी निथळायला भोक नसेल तर एक पाडून घ्या.


चाळकरी | रविवार, दुपारी १:३०

साडेसात हजारांना झाली.

घासाघीस म्हणावी अशी झालीच नाही. फिरकींचा हिशेब कागदावर लिहून नेला होता, तो आजोबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, 'बांधणावळ' शब्दाखाली बोट ठेवून पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या म्हणाला, ऑनलाइन अशाच चाळीस हजारांना जातात. आजोबा म्हणाले, मग ऑनलाइन जाऊ दे. नंतर मला म्हणाले, एक अट. विकलीस तर आधी मला विचारायचं.

टायर नसल्यामुळे टॅक्सीच्या डिकीत उभी-आडवी करून घरी आणली.


भंगारप्रेमी | रविवार, दुपारी १:३६

अभिनंदन! सातव्या आभाळात असाल. आता चौथी माझ्याही घरी यायला पाहिजे.


चाळकरी | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:२०

अपडेट देतो, विचारत होतात म्हणून.

नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडे दिली. काळबादेवीहून रिम, हब, टायर मीच आणले. बीबी उघडलं तर आत ग्रीसचं खडीसाखर झालं होतं. छर्रे मात्र पाव इंची, एका बाजूला अकरा, नेहमीचेच, दुकानात बरणीत होते. कटोऱ्यांना खड्डे नाहीत, त्याच परत बसवल्या.

अडलं ते कॉटरवर. आपल्याकडचा कॉटर साडेनऊ मिलिमीटरचा, फ्रेंच क्रँकचं भोक नऊचं. चाचांनी कॉटर लावून पाहिला, अर्ध्यात अडकला. मी म्हटलं ठोकू नका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प स्टुलावर बसलो. मग वायसात धरून कानस. चार घाव, उचलून बसवून बघ, परत चार घाव. गोलाई सांभाळत सगळीकडून सारखं. नंतर सपाट बाजू, ती क्रँकच्या खाचेवर पूर्ण टेकायला हवी म्हणून तिच्यावर खडू फासला, बसवला, काढला, खडू जिथे पुसला गेला तिथेच घासलं. एका कॉटरला पाऊण तास. दुसऱ्याला वीस मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाले, कॉटरचे दे, घासण्याचे नको, बऱ्याच वर्षांनी असं काम आलं.

एकूण खर्च ९,६०० झाला, हबमुळे. आज पहाटे वरळीपर्यंत जाऊन आलो. पेडर रोडचा चढ या गिअरांत जड जातो, पण उतारावर सायकल रुळावरून चालल्यासारखी जाते. हायब्रीडवर हे कधी कळलं नव्हतं. टक गेलं.

एकच कटकट. पुढचा ब्रेक दाबला की कोकलतो. हाजी अलीला सिग्नलला थांबलो तर बसमधल्या बायका खिडकीतून वाकून पाहायला लागल्या.


मोजपट्टी | रविवार, सकाळी १०:४१

गुटका रिमवर सपाट बसतोय म्हणून. पुढचं टोक आधी टेकलं पाहिजे, मागचं मिलिमीटरभर मागे. मागच्या टोकाखाली जुनं व्हिजिटिंग कार्ड दुमडून ठेवा, ब्रेक दाबून धरा, बोल्ट कसा, कार्ड काढा.


चाळकरी | रविवार, सकाळी ११:३०

लग्नपत्रिकेचा तुकडा वापरला. गप्प झाला.


शनवारातला | रविवार, सकाळी ११:३४

आता खोपोलीच्या पुढे या.